महाग पेट्रोल, साधे पेट्रोल आणि नोझलचा पहिला ‘टक’

पंपावर एकाच छपराखाली दोन-तीन प्रकारचे पेट्रोल उभे असते. साधे, त्याहून महाग ९५ ऑक्टेनचे आणि काही ठिकाणी ९८ किंवा १०० ऑक्टेनचे. महागड्या नोझलवर ताकद, स्वच्छता, वेग असे शब्द ठळक अक्षरांत लिहिलेले असतात आणि गाडीवर जीव असलेला माणूस तिकडे सहज वळतो. हे परीक्षण आहे त्या महाग पेट्रोलचे. पण टाकी भरताना पैसे केवळ पेट्रोलच्या प्रकारावर वाचत किंवा वाया जात नाहीत, म्हणून नोझल, माप, सवलत कार्डे आणि दुकानात मिळणाऱ्या बाटल्या यांचाही हिशेब इथे मांडला आहे.

निकाल आधीच सांगून टाकतो. महाग पेट्रोलमध्ये खोट काही नाही. ज्या इंजिनासाठी ते बनवले आहे, त्यात ते पैसे वसूल करते. मात्र रस्त्यावरच्या बऱ्याच गाड्यांची इंजिने तशी नसतात, आणि त्यांच्यात ते निमूटपणे साध्या पेट्रोलइतकेच काम करते.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

सगळा गोंधळ या एका समजुतीतून होतो. ऑक्टेनचा आकडा सांगतो तो पेट्रोलचा संयम: सिलिंडरमध्ये दाब आणि उष्णता वाढत असताना ठिणगीची वाट न पाहता ते आपणहून पेटते की दम धरते. मोजपट्टी अशी आहे की आयसो-ऑक्टेनला १०० आणि एन-हेप्टेनला शून्य. ९५ ऑक्टेनचे पेट्रोल चाचणीच्या इंजिनात ९५ भाग आयसो-ऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणासारखे वागते, एवढाच त्याचा अर्थ. त्या लिटरात साठलेली ऊर्जा त्यामुळे वाढत नाही.

आपणहून पेटण्याला नॉकिंग म्हणतात. चढावर, उंच गिअरमध्ये, पाय दाबला की धातूवर खडे पडल्यासारखा कडकड आवाज येतो तो हाच. आजच्या गाड्यांत इंजिनाच्या ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. त्याला हा ठोका जाणवला की कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. इंजिन वाचते, पण थोडी ताकद आणि थोडे ॲव्हरेज जाते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल असले की कॉम्प्युटरला ठिणगी मागे घ्यावी लागत नाही. फायदा होतो तो एवढाच, आणि तोही इंजिन मुळात ठोक्याच्या उंबरठ्यावर चालत असेल तर. म्हणजे टर्बो, चढे कॉम्प्रेशन, भर उन्हात माणसांनी-सामानाने भरलेली गाडी, लांब चढ. ज्या इंजिनात ठिणगीच्या वेळा ९१ ऑक्टेन धरून आखल्या आहेत त्यात १०० चे ओतले, तर कॉम्प्युटर ठिणगी ठरलेल्या मर्यादेपलीकडे पुढे नेत नाही. वरचे ९ आकडे पेट्रोलसोबत जळून जातात.

म्हणून पहिले काम: टाकीच्या झाकणाच्या आतली पट्टी वाचा आणि तीच ओळ गाडीसोबत आलेल्या पुस्तकात पडताळा. तिथले नेमके शब्द महत्त्वाचे आहेत. ‘किमान ९१’ लिहिले असेल तर विषय संपला, साधे भरा. ‘किमान ९५’ असेल तर ९५ च भरा. इथे स्वस्तातले भरून वाचवलेले पैसे ठिणगी मागे गेल्याने ॲव्हरेजमध्ये परत जातात, आणि सतत ओझ्याखाली चालणाऱ्या टर्बो इंजिनात पिस्टनलाही धोका असतो. ‘९५ ची शिफारस, किमान ९१’ असे असेल तरच खरा विचार करायचा.

या मधल्या गटाबद्दल चांगली मोजणी उपलब्ध आहे. अमेरिकेच्या ‘एएए’ या मोटारचालकांच्या संघटनेने २०१७ मध्ये शिफारस असलेल्या, पण सक्ती नसलेल्या गाड्या तपासल्या. महाग पेट्रोलने ॲव्हरेज सरासरी २.७ टक्के आणि ताकद सरासरी १.४ टक्के वाढली. त्याच संघटनेने आदल्या वर्षी साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांत महाग पेट्रोल घालून पाहिले होते. त्यात उल्लेखनीय असा कोणताच फायदा दिसला नव्हता.

आता गणित मांडू. समजा महाग पेट्रोल साध्याहून ८ टक्के महाग आहे आणि गाडी साध्यावर लिटरला १५ किलोमीटर देते. पैसे फिटायला महागावर तिने १५ गुणिले १.०८, म्हणजे १६.२ किलोमीटर द्यायला हवेत. २.७ टक्के वाढ धरली तर ती देईल १५.४. हिशेब जुळत नाही. भावातला फरक टक्क्यांत काढा आणि तेवढेच टक्के ॲव्हरेज वाढते का ते पाहा. देश कोणताही असो, चलन कोणतेही असो, सूत्र हेच.

एक सावधगिरी. ऑक्टेन मोजण्याच्या दोन पद्धती आहेत, रॉन आणि मॉन. जगात बहुतेक ठिकाणी पंपावर रॉन लिहितात, उत्तर अमेरिकेत या दोन्हींची सरासरी. तिथले ८७ हे रॉनच्या ९१-९२ च्या आसपास बसते. बाहेरून आणलेल्या गाडीच्या पट्टीवर ८७ दिसले म्हणून ते हलके पेट्रोल समजू नये, आणि ९१ दिसले तर ते कोणत्या पद्धतीचे आहे हे आधी पाहावे.

इथेनॉल: पाटीवरचा दुसरा आकडा

ई१०, ई२० म्हणजे १० किंवा २० टक्के इथेनॉल. इथेनॉलचे ऑक्टेन चढे आहे, पण त्याच्या एका लिटरात साधारण २१ मेगाज्यूल ऊर्जा असते आणि पेट्रोलच्या लिटरात सुमारे ३२. मिश्रणाचा हिशेब केला तर ई१० मध्ये ऊर्जा सुमारे साडेतीन टक्के कमी आणि ई२० मध्ये सुमारे सात टक्के कमी येते. त्या मिश्रणासाठी जुळवलेले इंजिन चढ्या ऑक्टेनचा उपयोग करून यातला काही भाग भरून काढते. जुने इंजिन काढत नाही.

भावाची तुलना करताना हे विसरू नये. काही ठिकाणी महाग पेट्रोलमध्ये इथेनॉल कमी असते. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साधे पेट्रोल ई१० झाले आणि सुपर प्रकार ई५ राहिला. अशा ठिकाणी महाग पेट्रोलवर दीड-दोन टक्के ॲव्हरेज वाढलेले दिसले तर त्याचे श्रेय ऑक्टेनला देऊ नये, ते कमी इथेनॉलचे आहे. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि सील इथेनॉलला चालणारे नसतील, तर मात्र कमी इथेनॉलचे पेट्रोल घेणे हा दुरुस्तीचा खर्च टाळण्याचा मार्ग आहे आणि तिथे ॲव्हरेजचे गणित दुय्यम ठरते. इथेनॉल पाणीही ओढते. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकी भरलेली ठेवावी, म्हणजे आत दमट हवेला जागा कमी राहते.

स्वच्छ करणारे पेट्रोल

महाग पेट्रोलच्या बाजूने दुसरा मुद्दा सफाईच्या रसायनांचा मांडतात, आणि तो खरा आहे. डिटर्जंट कमी असलेल्या पेट्रोलने पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तोंडाशी आणि सिलिंडरमध्ये हवा सोडणाऱ्या झडपेवर, म्हणजे इनटेक व्हॉल्व्हवर, काळा थर बसतो. फवारा वाकडातिकडा होतो, आयडलिंगला गाडी थरथरते, ॲव्हरेज उतरते. याच कारणाने काही मोटार कंपन्यांनी २००४ मध्ये ‘टॉप टिअर’ हे मानक आणले. एएएने २०१६ मध्ये केलेल्या तुलनेत, सुमारे ६,४०० किलोमीटर धावण्याइतक्या चाचणीनंतर, त्या मानकाबाहेरच्या पेट्रोलने व्हॉल्व्हवर सरासरी १९ पट जास्त थर सोडला होता.

मात्र त्या मानकात बसायचे तर विक्रेत्याला आपल्या सगळ्या प्रकारांत डिटर्जंट घालावे लागते, साध्या पेट्रोलमध्येसुद्धा. त्यामुळे सफाईसाठी महाग नोझलच धरावे लागते असे नाही. चांगल्या विक्रेत्याचे साधे पेट्रोल पुरते. आणि इंजिन डायरेक्ट इंजेक्शनचे असेल तर पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारले जाते, व्हॉल्व्हच्या पाठीवरून वाहतच नाही. मग कितीही डिटर्जंट असले तरी इनटेक व्हॉल्व्ह धुतला जाणार नाही; इंजेक्टर तेवढा स्वच्छ राहील.

आपल्या गाडीवर चाचणी कशी घ्यावी

डॅशबोर्डवर दिसणाऱ्या ॲव्हरेजवर निर्णय घेऊ नये. तो आकडा पुष्कळदा खऱ्याहून थोडा गोड असतो. टाकी ते टाकी मोजा. सपाट जागेवरचा एक पंप आणि शक्यतो एकच नोझल ठरवा. नोझल आपोआप बंद होते त्या पहिल्या ‘टक’ला भरणे थांबवा, ट्रिप मीटर शून्य करा. निदान ४०० किलोमीटर चालवा. पुन्हा तिथेच, गाडी त्याच दिशेला उभी करून पहिल्या टकपर्यंत भरा. किलोमीटर भागिले आत गेलेले लिटर.

एका टाकीवरून काही सिद्ध होत नाही. नोझल कुठे टक करेल यात एखाद्या लिटरचा फरक सहज पडतो आणि ३५ लिटरवर एक लिटर म्हणजे जवळपास तीन टक्के चूक. जो फरक शोधायचा आहे तोच दोन-तीन टक्क्यांचा! म्हणून चार टाक्या साध्या, मग चार टाक्या महाग; सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, मग भागाकार. पेट्रोल बदलल्यावर पहिली टाकी हिशेबात धरू नये, कारण तळाला जुने उरलेले असते आणि कॉम्प्युटरलाही जुळवून घ्यायला थोडा वेळ लागतो. टायरची हवा, एसी आणि रोजचा रस्ता दोन्ही खेपांना सारखा ठेवावा. एवढी मेहनत करून फरक दिसला नाही, तर प्रश्न कायमचा सुटला.

टक झाल्यावर थांबा

नोझलच्या टोकाजवळ एक बारीक भोक असते. भरताना त्यातून हवा ओढली जाते. टाकी भरून पेट्रोल त्या भोकापर्यंत चढले की हवा बंद होते, आतला पडदा खेचला जातो आणि खटका पडतो. यात वीज नाही, सेन्सर नाही, आणि ही रचना फार भरवशाची आहे.

त्यानंतर ‘अजून थोडे’ म्हणून दोन-तीन झटके देणे ही टाकी भरण्यातली सर्वांत महागडी सवय. टाकीच्या वरची मोकळी जागा पेट्रोलच्या वाफेसाठी ठेवलेली असते. वाफ तिथून कोळशाच्या डब्यात जाते, डबा ती धरून ठेवतो आणि इंजिन चालू असताना ती जाळून टाकते. गळ्यापर्यंत भरले की वाफेच्या नळीतून पातळ पेट्रोल डब्यात शिरते आणि कोळसा निकामी होतो. लक्षणे ठरलेली: टाकी भरल्यावर लगेच गाडी सुरू व्हायला त्रास, पेट्रोलचा वास, इंजिनाचा दिवा. तो डबा बदलण्याचा खर्च कित्येक टाक्यांची बचत गिळतो. शिवाय ज्या पंपांवर वाफ परत ओढणारी नळी असते, तिथे जादा पेट्रोल त्याच नळीतून पंपाच्या टाकीत परत जाऊ शकते. म्हणजे पैसे भरूनही ते आपले नाही.

टाकी अर्धी असतानाच नोझल पुन्हा पुन्हा टक करत असेल तर आधी ते थोडे बाहेर ओढा, पाव फेरा फिरवा आणि खटका हलका दाबा. जोराच्या धारेने फेस येतो आणि फेसही ते भोक झाकतो. प्रत्येक पंपावर असेच होत असेल तर पंप निर्दोष आहे. गाडीची वाफेची नळी किंवा कोळशाचा डबा तुंबला आहे.

माप

भरण्याआधी काच शून्यावर आहे का, आणि भरल्यावर भाव गुणिले लिटर बरोबर रक्कम येते का, एवढे दोन वेळा डोळे उघडे ठेवले तरी पुष्कळ. सुरुवातीलाच आकडा एकदम उडी मारतो का, आणि खटका सोडल्यावर काचेवर लिटर सरकत राहतात का, तेही पाहावे. दुसरी गोष्ट झडप गळत असल्याची खूण आहे. पावती घ्यावी.

आंतरराष्ट्रीय मापनियमांनुसार पंपाला अर्धा टक्का चूक माफ असते. ५ लिटरवर २५ मिलिलिटर, ४० लिटरवर २०० मिलिलिटर, कमी किंवा जास्त. यंत्रावर किमान मापाचाही आकडा छापलेला असतो. त्याहून कमी भरले तर मापाची खात्री यंत्र देत नाही. एक-दोन लिटरच्या खरेदीत चुकीचे प्रमाण मोठे असते ते याचमुळे, मग रक्कम गोल सांगा की विषम. विषम रकमेने माप सुधारत नाही. लिटर सांगून भरले तर निदान गुणाकार सोपा होतो.

‘माझी टाकी ४५ लिटरची, पंपाने ४७ घातले’ ही तक्रार फार ऐकू येते. पुस्तकातला आकडा नाममात्र क्षमतेचा असतो. भरण्याची नळी आणि वाफेची जागा त्यात धरलेली नसते. एवढ्यावरून फसवणूक ठरत नाही. खरा संशय असेल आणि शिक्का मारलेले ५ लिटरचे माप पंपावर असेल, तर ते एकदा भरून, निथळून, मग पूर्ण धारेने भरून डोळ्याच्या रेषेत वाचावे. कोरड्या मापात भरले तर भिंतीला चिकटणाऱ्या पेट्रोलमुळे उगाच कमी दिसते.

नळीत उरलेल्या पेट्रोलची काळजी करू नये. नळी कायम भरलेली असते. आधीच्याचे उरलेले आपल्याला मिळते आणि आपले पुढच्याला. मात्र एकाच नळीतून सगळे प्रकार देणारी यंत्रे असतात. तिथे महाग पेट्रोल मागितले तरी सुरुवातीला नळीतले मागच्याचे साधे येते. मोठ्या टाकीला याने फरक पडत नाही, दुचाकीच्या छोट्या टाकीला पडतो.

पहाट, अर्धी टाकी आणि लांबचा पंप

पहाटे थंड पेट्रोल दाट असते म्हणून तेव्हा भरावे, असे सांगतात. भौतिकशास्त्र बरोबर आहे: १० अंशांच्या फरकाने पेट्रोलचे आकारमान सुमारे एक टक्का बदलते, ४० लिटरवर ३८० मिलिलिटर. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि सकाळ-दुपारमध्ये तिचे तापमान जवळजवळ हलत नाही. यासाठी झोप मोडू नये.

अर्धी टाकी ठेवून वजन वाचवणेही असेच. २० लिटर पेट्रोल म्हणजे १५ किलो. ४५ किलो वजनाला साधारण एक टक्का ॲव्हरेज जाते, म्हणजे वाचले ते एक तृतीयांश टक्का. त्यासाठी पंपावर दुप्पट फेऱ्या. टाकी कायम तळाला ठेवणेही नको, कारण इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा टाकीतला छोटा पंप भोवतीच्या पेट्रोलनेच थंड राहतो. पाव टाकीला भरायला जावे.

स्वस्त पंपासाठी वळसा घ्यावा का? जाऊन-येऊन १० किलोमीटर जादा आणि गाडी लिटरला १५ देणारी, तर दोन तृतीयांश लिटर रस्त्यावरच संपले. ४० लिटर भरणार असाल तर हा खर्च १.७ टक्के, भावातला फरक त्याहून मोठा असेल तरच जा. १० लिटरच भरणार असाल तर हाच खर्च ६.७ टक्के होतो. स्वस्त पंप जाता-येता वाटेवर असेल तेव्हा टाकी पूर्ण भरणे, हे सर्वांत चांगले. जिथे भाव दिवसागणिक हलतात तिथे जाहीर माहितीचा उपयोग करावा. पश्चिम ऑस्ट्रेलियात २००१ पासून ‘फ्युएलवॉच’ ही सरकारी सेवा उद्याचे भाव आदल्या दुपारीच दाखवते आणि पंपाला तो भाव २४ तास बदलता येत नाही. अशी सोय असेल तिथे आज भरायचे की उद्या, हा अंदाजाचा प्रश्न उरत नाही.

कार्डे आणि बाटल्या

सवलत कार्डाचे मोल एका भागाकारात कळते: वर्षात खरोखर वापरलेल्या गुणांची किंमत वजा कार्डाचे शुल्क, भागिले वर्षाचा पेट्रोलखर्च. उत्तर एक टक्का आले आणि त्या कार्डासाठी दोन टक्के महाग पंपावर जात असाल, तर कार्ड खिशात राहू द्यावे. मुदत संपून जाणारे गुण हिशेबात धरू नयेत.

बाटल्यांत एकच प्रकार शिफारस करण्याजोगा: ज्यावर पॉलीइथरअमाइन हा घटक लिहिला आहे तो इंजेक्टर साफ करणारा द्रव, आणि तोही गाडीला लक्षणे असतील तेव्हा. ऑक्टेन वाढवणाऱ्या बाटलीवर ‘३० पॉइंट’ लिहिलेले असते. १० पॉइंट म्हणजे एक ऑक्टेन, म्हणून वाढ होते ती तीनचीच. तेवढ्यासाठी ९५ चे नोझल स्वस्त पडते. पेट्रोलच्या नळीवर लावायची चुंबके, टाकीत टाकायच्या गोळ्या, हवेत भोवरे करणारी चकती, यांवर पैसे घालवू नका. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने अशी शंभरेक साधने तपासली आणि बहुतेकांनी ॲव्हरेजमध्ये काहीच वाढ दाखवली नाही.

त्याच पंपावर कोपऱ्यात हवेचे यंत्र असते. चारही टायरांत सरासरी एक पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा कमी असेल तर ॲव्हरेज सुमारे ०.२ टक्के उतरते. सहा पीएसआय कमी, म्हणजे १.२ टक्के. महाग पेट्रोलने मधल्या गटातल्या गाड्यांना दिलेल्या फायद्याच्या जवळपास निम्मे. हवा टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या पट्टीवर लिहिलेल्या आकड्याइतकी भरावी. टायरच्या कडेवर छापलेला आकडा कमाल दाबाचा असतो, तो भरू नये.

आणि निघण्याआधी टाकीचे झाकण खटका ऐकू येईपर्यंत फिरवा. सैल राहिले तर वाफ बाहेर जाते, दोन-चार दिवसांत इंजिनाचा दिवा लागतो आणि त्या दिव्यासाठी गॅरेजवाल्याला पैसे द्यावे लागतात.